ऑनलाइन खेळांच्या संगणकीय भाषा : काही रूढ गैरसमज आणि इतिहासाची साक्ष

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांत विज्ञान शाखेच्याच नव्हे, तर कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडूनही अध्यापकांना एक प्रश्न वारंवार विचारला जातो. 'मला ऑनलाइन गेम तयार करायचा आहे, तर मी कोणती भाषा शिकू?' प्रश्न साधा आहे आणि त्याला उत्तरेही तितक्याच साधेपणाने दिली जातात. कोणी सांगतो, सी प्लस प्लसशिवाय गत्यंतर नाही. कोणी म्हणतो, जावा मंद आहे, तिच्या वाटेला जाऊ नकोस. पायथन ही केवळ नवशिक्यांची भाषा आहे, असेही ठामपणे सांगितले जाते. या उत्तरांवर विसंबून एखादा विद्यार्थी खाजगी वर्गाची फी भरतो, वर्षभर एकाच भाषेची घोकंपट्टी करतो आणि शेवटी हातात काहीच आले नाही म्हणून निराश होतो. दुसरा एखादा विद्यार्थी उत्तर ऐकूनच 'हे आपल्याला जमणारे नाही' असे म्हणून माघारी फिरतो. दोन्ही प्रकारांत नुकसान विद्यार्थ्याचे होते आणि सल्ला देणाऱ्यांत बहुधा आपण अध्यापकच असतो.

ही उत्तरे खरी की खोटी, हे तपासण्याचे एक चांगले साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे इतिहास. ऑनलाइन खेळांचा इतिहास आता पन्नास वर्षांहून अधिक जुना झाला आहे. अनेक खेळांची मूळ संहिता त्यांच्या कर्त्यांनी खुली केली आहे, कित्येकांनी आपली कार्यपद्धती लेखांतून मांडली आहे. त्यामुळे अमुक खेळ अमुक भाषेत लिहिला होता की नव्हता, हा आता मतभेदाचा विषय राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात पाच प्रचलित गैरसमज घेऊन त्यांची या पुराव्यांच्या आधारे तपासणी केली आहे. येथे 'ऑनलाइन खेळ' म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांसमोर बसलेले अनेक खेळाडू जाळ्याच्या माध्यमातून एकत्र खेळतात तो खेळ, इतकाच अर्थ अभिप्रेत आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या प्रकारांचा विचार येथे केलेला नाही.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट 'भाषा' या शब्दाविषयीची. मराठी, उर्दू किंवा कन्नड या भाषा माणसे एकमेकांशी बोलण्यासाठी वापरतात, त्यांच्याशी आपले घर, बालपण आणि अभिमान जोडलेला असतो. संगणकाची भाषा ही एखादी कृती पायरीपायरीने, संदिग्धता न ठेवता लिहून काढण्याची पद्धती आहे. तिला कोणी मातृभाषक नसतो. एकच माणूस सकाळी एका भाषेत आणि दुपारी दुसऱ्या भाषेत काम करतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शब्द एकच असल्यामुळे आपण मानवी भाषांविषयीची निष्ठा आणि वाद नकळत संगणकीय भाषांनाही चिकटवतो. पुढील बरेचसे गैरसमज येथूनच जन्म घेतात.

दुसरी गोष्ट खेळाच्या रचनेविषयीची. कोणत्याही ऑनलाइन खेळाचे साधारणतः चार भाग असतात. खेळाडूच्या यंत्रावर चालणारा आणि चित्र, ध्वनी, कळफलक सांभाळणारा भाग म्हणजे क्लायंट. मध्यवर्ती यंत्रावर चालणारा आणि सर्व खेळाडूंचा हिशोब ठेवणारा भाग म्हणजे सर्व्हर. खेळाडूंची नावे, गुण, मालमत्ता यांची कायम नोंद ठेवणारा तिसरा भाग. आणि खेळाचे नियम, पात्रे, प्रसंग यांचे वर्णन करणारा चौथा भाग. हे चार भाग ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण येणार नाही.

पहिला गैरसमज : ऑनलाइन खेळांसाठी खास 'गेमची भाषा' लागते

ऑनलाइन खेळ ही इंटरनेट घरोघरी आल्यानंतरची गोष्ट आहे आणि त्यासाठी खास तयार केलेल्या भाषा लागतात, अशी एक समजूत आहे. इतिहास याच्या नेमका उलट आहे आणि आपल्यासारख्या अध्यापकांना तो विशेष जवळचा वाटावा असा आहे.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये 'प्लेटो' नावाची अध्यापन-यंत्रणा सुरू झाली. विद्यार्थ्याने पडद्यासमोर बसून धडा वाचावा, प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि यंत्राने ते तपासावे, हा तिचा हेतू होता. १९७२ पासून आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीत दूरदूरच्या संस्थांतील पडदे तारांद्वारे एका मोठ्या संगणकाला जोडलेले होते. या यंत्रणेसाठी पॉल टेन्झार यांनी १९६७ च्या सुमारास 'ट्यूटर' नावाची भाषा तयार केली. नावावरूनच तिचे प्रयोजन कळते. प्रोग्रॅमिंगचे शिक्षण न घेतलेल्या शिक्षकालाही आपला धडा लिहिता यावा, यासाठी ती होती. विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर असेल तर काय करावे आणि चूक असेल तर काय करावे, हे सांगणाऱ्या आज्ञा तिच्यात मुळातच दिलेल्या होत्या.

याच भाषेत १९७३ मध्ये जॉन डॅलेस्के यांनी 'एम्पायर' हा अनेक खेळाडूंचा अंतराळयुद्धाचा खेळ लिहिला. १९७४ मध्ये जिम बोवरी यांनी 'स्पासिम' हा खेळ लिहिला. त्यात एकाच वेळी ३२ खेळाडू त्रिमितीय रेखाचित्रांच्या अवकाशात वावरू शकत. हे कसे शक्य झाले? ट्यूटर भाषेत एकच धडा वापरणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना मिळून एक सामाईक स्मृतिभाग ठेवण्याची सोय होती. एकाने त्यात लिहिलेले दुसऱ्याला वाचता येई. अध्यापनासाठी केलेली ही सोय खेळ लिहिणाऱ्यांनी हेरली. माझे यान कोठे आहे हे मी सामाईक स्मृतीत लिहिले की तुमच्या पडद्यावर ते दिसू लागले. अनेकांनी एकत्र खेळण्याची मूळ कल्पना एवढीच आहे. आजचे प्रचंड सर्व्हरही याहून वेगळे काही करीत नाहीत, फक्त अधिक लोकांसाठी आणि अधिक सावधगिरीने करतात.

सारांश, सर्वांत आरंभीच्या ऑनलाइन खेळांपैकी काही खेळ धडे लिहिण्याच्या भाषेत लिहिले गेले. निर्णायक ठरली ती त्या भाषेत उपलब्ध असलेली एक विशिष्ट सोय.

दुसरा गैरसमज : एक खेळ म्हणजे एक भाषा

'अमुक गेम कशात लिहिला आहे?' या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले आहे. एका खेळाला एकच भाषा असते, हे ते गृहीतक. ते मोठ्या ऑनलाइन खेळांच्या बाबतीत जवळजवळ कधीच खरे नव्हते.

लुकासफिल्म गेम्स या संस्थेत चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी १९८५-८६ च्या दरम्यान 'हॅबिटॅट' नावाचे आभासी जग उभे केले. खेळाडू घरच्या कमोडोर ६४ या संगणकावरून टेलिफोनच्या तारेने त्यात प्रवेश करी. त्या संगणकाची स्मृती अवघी ६४ किलोबाइट होती. एवढ्या जागेत चित्रे, हालचाल आणि संपर्क बसवायचा म्हणजे प्रत्येक बाइट जपून वापरणे भाग होते, म्हणून क्लायंट त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिला गेला. सर्व्हर मात्र स्ट्रॅटस कंपनीच्या मोठ्या, अखंड चालणाऱ्या यंत्रांवर होता आणि तो पीएल-वन या भाषेत लिहिला होता. पीएल-वन ही कचेऱ्यांचे आणि वित्तीय संस्थांचे हिशोब ठेवणाऱ्या मोठ्या यंत्रांवरची भाषा. आजच्या तरुणाला ती खेळासाठी वापरली गेली हे सांगितले तर खरे वाटणार नाही. पण हॅबिटॅटची मूळ संहिता २०१६ मध्ये ऑकलंड येथील एका संग्रहालयाने खुली केली आहे, ती कोणालाही पाहता येते.

१९९६ मध्ये आलेल्या 'मेरिडियन ५९' या खेळात क्लायंट आणि सर्व्हर सी भाषेत होते, पण खेळाचे नियम 'ब्लाकोड' नावाच्या स्वतंत्र छोट्या भाषेत लिहिलेले होते. २००४ मधील 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे, परंतु त्याच्या पडद्यावरील चौकटी, बटणे आणि खेळाडूंनी स्वतः केलेल्या जोडण्या यांसाठी लुआ ही भाषा वापरली जाते. 'लीग ऑफ लेजंड्स' या २००९ च्या खेळात खेळाडूंच्या आपसांतील संदेशवहनासाठी एर्लांग भाषेतील व्यवस्था वापरली गेली. एर्लांग मूळची एरिक्सन या स्वीडिश कंपनीने टेलिफोन केंद्रांसाठी तयार केलेली भाषा. हजारो संभाषणे एकाच वेळी चालू राहावीत आणि एक बंद पडल्याने दुसरे पडू नये, ही टेलिफोन केंद्राची गरज, तीच खेळातील गप्पांचीही होती.

आजकाल विद्यार्थ्यांच्या तोंडी 'युनिटी' हे नाव असते. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे खेळ तयार करण्याचे साधन. विद्यार्थी त्यात सी शार्प भाषेत लिहितो, म्हणून आपला खेळ सी शार्पमध्ये आहे असे समजतो. प्रत्यक्षात युनिटीचे अंतरंग सी प्लस प्लसमध्ये आहे. शिवाय विद्यार्थ्याने लिहिलेले सी शार्पही अनेकदा आधी सी प्लस प्लसमध्ये रूपांतरित होऊन मग यंत्रभाषेत जाते. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला 'लुडो किंग' हा आपल्याकडील घराघरांत पोहोचलेला खेळ युनिटीवरच उभारलेला आहे. तो 'कोणत्या भाषेत' आहे, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येणार नाही.

तिसरा गैरसमज : खरा खेळ सी प्लस प्लसमध्येच लिहावा लागतो

हा गैरसमज सर्वांत दृढ आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. म्हणून तो थोडा विस्ताराने पाहू.

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये 'मड' हा शब्दांवर चालणारा बहुखेळाडू साहसखेळ लिहिण्यास आरंभ केला. त्याची सुरुवातीची रूपे असेंब्ली भाषेत होती. काम वाढत गेले तशी ती संहिता सांभाळणे अवघड होऊ लागले. म्हणून पुढची आवृत्ती बीसीपीएल या अधिक सुटसुटीत भाषेत घेण्यात आली आणि ते काम पुढे रिचर्ड बार्टल यांनी पूर्णत्वास नेले. बीसीपीएल ही मार्टिन रिचर्ड्स यांची १९६७ मधील भाषा. तिच्यापासून केन थॉम्पसन यांची बी आणि बीपासून १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांची सी जन्माला आली. खेळांच्या इतिहासातही हीच वंशावळ दिसते. अ‍ॅबरिस्टविथ येथे अ‍ॅलन कॉक्स यांनी १९८७ मध्ये 'अ‍ॅबरमड' प्रथम बी भाषेत लिहिला आणि लवकरच तो सी भाषेत आणला. हेच कॉक्स पुढे लिनक्स प्रणालीच्या जडणघडणीतील एक प्रमुख नाव ठरले. कोपनहेगनमधील विद्यार्थ्यांचा १९९१ चा 'डिकूमड' सी भाषेतच होता.

आयडी सॉफ्टवेअरचे 'डूम' (१९९३) आणि 'क्वेक' (१९९६) हे खेळ सी प्लस प्लसची उत्तम उदाहरणे म्हणून सांगितले जातात. दोन्हींची मूळ संहिता अनुक्रमे १९९७ आणि १९९९ मध्ये खुली झाली. ती उघडून पाहिली तर दिसते ती सी आणि निवडक ठिकाणी असेंब्ली. या कंपनीने आपल्या खेळांच्या गाभ्यासाठी सी प्लस प्लस स्वीकारली ती २००४ च्या 'डूम ३' मध्ये. तोवर सी प्लस प्लसचे पहिले व्यापारी रूप प्रसिद्ध होऊन एकोणीस वर्षे झाली होती.

दुसऱ्या बाजूला जावाचे उदाहरण घ्या. २००१ मध्ये केंब्रिजच्या गोवर बंधूंनी आणलेला 'रूनस्केप' जावामध्ये होता आणि ब्राउझरमध्येच चालत असे. वेगळे काही बसवून घ्यावे लागत नसल्यामुळे शाळा-महाविद्यालयांतील मुलेही तो खेळू शकत. 'माइनक्राफ्ट' हा मार्कस पर्सन यांचा खेळ २००९ मध्ये लोकांपुढे आला, तोही जावामध्येच. पुढे मोबाइल आणि इतर यंत्रांसाठी त्याची सी प्लस प्लसमधील वेगळी आवृत्ती तयार झाली. या सर्व आवृत्त्या मिळून २०२३ पर्यंत ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. जावा आवृत्ती आजही चालू आहे.

आता अर्ध्या सत्याविषयी. मोठ्या खेळांच्या चित्रणाचा गाभा बहुतांशी सी प्लस प्लसमध्ये असतो, हे खरेच आहे. त्याचे कारण गणिती आहे. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात हालचाल, टक्कर, प्रकाश, ध्वनी हे सर्व उरकायचे असते. जावासारख्या भाषांत वापरून झालेली स्मृती मोकळी करण्याचे काम भाषाच आपल्या सोयीने करते आणि ती वेळ भलत्या क्षणी आली तर चित्र अडखळते. सी प्लस प्लसमध्ये हे नियंत्रण लिहिणाऱ्याच्या हाती राहते. म्हणजे सी प्लस प्लस निवडण्यामागे एका विशिष्ट भागाची विशिष्ट गरज आहे. ज्या खेळात ती गरज नाही, तेथे तिचा आग्रह धरण्यास कारण उरत नाही.

चौथा गैरसमज : खेळ अडखळतो तो भाषा मंद असल्यामुळे

ऑनलाइन खेळात आपण कळ दाबतो आणि परिणाम उशिरा दिसतो. मुले याला 'लॅग' म्हणतात. हा दोष भाषेच्या माथी मारण्याची सवय आहे. येथे थोडे अंकगणित केले तर चित्र स्पष्ट होईल.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. म्हणजे संदेश जाऊन परत येण्यास किमान ७२ मिलिसेकंद लागणार. प्रत्यक्षातील केबलचा मार्ग वळणावळणाचा असल्यामुळे हा काळ वाढतोच. ७२ मिलिसेकंद म्हणजे वर सांगितलेल्या हिशोबाने चार चित्रांहून अधिक. जगातील सर्वांत वेगवान भाषा वापरली तरी हे अंतर कमी होणार नाही.

मग उपाय काय? 'क्वेक'चा इतिहास येथे फार बोलका आहे. हा खेळ १९९६ च्या जूनमध्ये आला, तेव्हा टेलिफोन-मोडेमवरून खेळणाऱ्यांना प्रत्येक हालचालीसाठी सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहावी लागे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'क्वेकवर्ल्ड' ही सुधारित आवृत्ती आली. तिच्यात जॉन कारमॅक यांनी क्लायंटला अंदाज बांधण्याची मुभा दिली. खेळाडूने कळ दाबताच त्याचे पात्र आपल्या पडद्यावर लगेच हलते, सर्व्हरचे उत्तर आल्यावर फरक असल्यास दुरुस्ती होते. खेळ लगोलग सुसह्य झाला. भाषा आधीही सी होती आणि नंतरही सीच राहिली. बदल झाला तो विचाराच्या मांडणीत.

दुसरे उदाहरण १९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स'चे. आठ खेळाडू, मिळून १,५०० पर्यंत सैनिक आणि जोडणी २८.८ किलोबिटच्या मोडेमची. या मोडेमवरून सेकंदाला जास्तीत जास्त ३,६०० बाइट जातात. प्रत्येक सैनिकाच्या माहितीला फक्त १० बाइट धरले तरी एका फेरीला १५,००० बाइट लागतील, म्हणजे चार सेकंदांहून अधिक. खेळ चालणे अशक्य. त्याच्या अभियंत्यांनी यावर योजलेला उपाय असा, की सैनिकांची स्थिती पाठवायचीच नाही. खेळाडूने दिलेली आज्ञा तेवढी पाठवायची आणि प्रत्येक यंत्राने तोच हिशोब जसाच्या तसा स्वतः करायचा. सर्वांचे गणित तंतोतंत जुळले, तर सर्वांचे पडदेही जुळतील. या पद्धतीचे विवेचन पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ मध्ये केले आहे आणि ते आजही अभ्यासले जाते.

तथाकथित मंद भाषांची मर्यादा कोठे जाणवते, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा २००३ चा खेळ. त्याचे चित्रण सी प्लस प्लसमध्ये असले, तरी खेळाचा बहुतेक व्यवहार स्टॅकलेस पायथन या पायथनच्या एका रूपात लिहिलेला आहे. हजारो खेळाडूंचे छोटे छोटे व्यवहार एकाच वेळी हाताळण्याची सोय, हे या निवडीचे कारण. पण एका सूर्यमालेचा हिशोब एकाच प्रोसेसर-कोअरवर होत असल्यामुळे फार मोठी गर्दी झाली की सर्व्हर मागे पडू लागला. कंपनीने खेळाची भाषा बदलली नाही. गर्दीच्या वेळी खेळातील काळच सावकाश करण्याची युक्ती काढली. घड्याळ मूळ गतीच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरते, त्यामुळे युद्ध हळू चालते पण सर्वांना समान चालते. २०१४ च्या जानेवारीत सात हजारांहून अधिक खेळाडूंनी भाग घेतलेले आणि एकवीस तास चाललेले एक प्रसिद्ध युद्ध याच पद्धतीने पार पडले. पायथन ही केवळ नवशिक्यांची भाषा आहे, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अवश्य सांगावे. त्याचबरोबर तिला मर्यादा नाहीत असे समजणाऱ्यांनाही तेच सांगावे.

पाचवा गैरसमज : भाषा कालबाह्य झाली की शिकलेले वाया जाते

जावा आणि जावास्क्रिप्ट या एकाच कुळातील भाषा आहेत, असा समज अजूनही आढळतो. सन कंपनीत जेम्स गॉस्लिंग यांच्या नेतृत्वाखाली घडलेली जावा आणि नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केलेली भाषा, या दोन्ही १९९५ मध्ये लोकांपुढे आल्या. दुसरीचे नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि वर्षअखेरीस जावास्क्रिप्ट झाले. नावातील साम्य त्या काळातील जावाच्या लोकप्रियतेचा लाभ घेण्यासाठी होते. दोन्हींची जडणघडण निराळी आहे.

हा भेद खेळांच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. ब्राउझरमध्ये जावा चालवण्याची जी जोडणी 'रूनस्केप' वापरत असे, तिचा आधार ब्राउझरांनी काढून घेतला. क्रोमने तो २०१५ मध्ये पूर्णपणे बंद केला. 'रूनस्केप'ने २०१६ मध्ये सी प्लस प्लसमधील नवा क्लायंट आणला. फ्लॅशचे तसेच झाले. 'क्लब पेंग्विन' (२००५) आणि 'फार्मव्हिल' (२००९) हे कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचलेले खेळ फ्लॅशवर, म्हणजे अ‍ॅक्शनस्क्रिप्ट भाषेवर उभे होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार थांबवला आणि मूळ 'फार्मव्हिल'ही त्याच दिवशी बंद झाला.

यावरून 'जावा संपली, फ्लॅश संपले, ते शिकणारे फसले' असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. जावा संपली नाही. ब्राउझरमधील तिचे वाहन संपले. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट एकाच प्रमाणकावर आधारलेल्या होत्या, त्यामुळे एक चांगली येणाऱ्याला दुसरी अवगत करण्यास फार श्रम पडले नाहीत. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत खुला राहणारा संपर्कमार्ग २०११ मध्ये प्रमाणित झाल्यावर खेळ पुन्हा ब्राउझरमध्ये आले. ब्राझीलच्या मथेयस व्हालादारिस या तरुणाचा २०१५ मधील 'अगार.आयओ' याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा क्लायंट जावास्क्रिप्टमध्ये आणि सर्व्हर सी प्लस प्लसमध्ये होता. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आलेल्या वेबअसेंब्लीमुळे सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले खेळही ब्राउझरमध्ये चालू लागले. म्हणजे ब्राउझरची भाषा वेगळी आणि यंत्रावरची वेगळी, ही भिंतही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

इंग्रजीचा आणि दूरच्या देशांचा प्रश्न

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात आणखी एक भीती असते. ती पुस्तकांत लिहिलेली नसते, पण वर्गात जाणवते. हे सर्व अमेरिकेचे आणि इंग्रजी बोलणाऱ्यांचे क्षेत्र आहे, अशी ती भीती.

वर आलेली नावे पुन्हा पाहावीत. लुआ ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात तयार झाली. पोर्तुगीजमध्ये 'लुआ' म्हणजे चंद्र. आज कोट्यवधी मुले वापरत असलेल्या 'रोब्लॉक्स'मध्ये तिचेच एक रूप चालते. स्वीडनच्या लार्स पेन्शो यांनी १९८९ मध्ये 'एलपीमड' आणि त्यासाठी एलपीसी ही भाषा तयार केली. तिचे वैशिष्ट्य असे, की ठरावीक पातळी गाठलेल्या खेळाडूला खेळ चालू असतानाच त्यात नव्या खोल्या, वस्तू आणि पात्रे लिहून घालण्याचा अधिकार मिळे. युनिटी आणि डिकूमड डेन्मार्कचे, ईव्ह ऑनलाइन आइसलँडचा. यांपैकी एकाही देशाची भाषा इंग्रजी नाही.

आज्ञांचे शब्द इंग्रजीतून घेतलेले असतात, हे मात्र खरे. पण ते मोजके असतात. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात राखीव शब्द ३२ आहेत, लुआच्या अलीकडील आवृत्त्यांत २२. एवढे शब्द कोणताही विद्यार्थी आठवड्याभरात आत्मसात करील. खरी अडचण पुढे येते. चुकांचे संदेश, मार्गदर्शिका आणि चर्चा इंग्रजीत असतात आणि त्या वाचण्याचा सराव करावाच लागतो. ही अडचण नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती वाचनाची अडचण आहे, बुद्धीची नव्हे, आणि वाचनाची अडचण दूर करणे हे तर आपले नित्याचे काम आहे. भाषा विषयाचे अध्यापकही येथे हातभार लावू शकतात.

समारोप

आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. 'कोणती भाषा शिकू?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापकाने आधी प्रतिप्रश्न करावा. तुझ्या खेळाचा कोणता भाग तू लिहिणार आहेस? तो कोणत्या यंत्रावर चालणार आहे? एका वेळी किती खेळाडू असतील आणि ते एकमेकांपासून किती दूर असतील? प्रत्येकाने एकमेकांना नेमके काय कळवायचे आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की भाषेचा पर्याय पुष्कळदा आपोआप पुढे येतो. पीएल-वन, बीसीपीएल, एर्लांग, पायथन यांची निवड करणाऱ्यांनी हेच प्रश्न आपापल्या परीने सोडवले होते.

महाविद्यालयातील अभ्यासक्रमासाठी एक छोटा प्रयोग सुचवावासा वाटतो. प्रयोगशाळेतील दोन संगणकांवर दोन विद्यार्थ्यांनी खेळायचा, केवळ अक्षरांवर चालणारा एखादा खेळ तयार करण्यास द्यावा. फुली-गोळ्याचा खेळही पुरेसा आहे. भाषा वर्गात शिकवली जात असेल तीच घ्यावी. मग दोघांनी एकाच क्षणी एकाच घरात खूण केली तर काय व्हावे, मधेच एकाची जोडणी तुटली तर डाव कोणाचा, एखाद्याने खोटी खूण पाठवली तर ती कोणी ओळखायची, हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. या प्रश्नांशी झटणारा विद्यार्थी पुढे भाषा बदलली तरी गडबडून जाणार नाही. खाजगी वर्गाची जाहिरात वाचताना कोणता प्रश्न विचारायचा, हेही त्याला कळेल.

प्लेटोवर धडे लिहिण्यासाठी केलेल्या भाषेतून विद्यार्थ्यांनी अंतराळयुद्धे उभी केली, तेव्हा त्यांना खेळांची भाषा कोणी शिकवली नव्हती. हाताशी जे साधन होते, त्यातली एक सोय त्यांनी नीट ओळखली होती. आपल्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत आज असलेली यंत्रे त्या काळच्या यंत्रांच्या कितीतरी पुढे आहेत. उणीव असलीच तर ती योग्य प्रश्न विचारण्याच्या सवयीची आहे आणि ती भरून काढणे अध्यापकाच्या हातात आहे.